विश्लेषण : गेटवेजवळ जेवायला बसायचे कुठे? आणि बिलात काय तपासायचे?

एलिफंटाची लाँच गेटवेला परत लागली, दुपारचे दोन वाजले, मुलांना भूक लागली आणि समोर कुलाबा कॉजवेवर एकाला लागून एक पाट्या. मुंबई पाहायला आलेल्या बहुतेक कुटुंबांवर ही वेळ येते. यातल्या काही हॉटेलांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, तर काहींकडे फक्त मोक्याची जागा आहे. चुकीच्या दारातून आत गेले की बेचव जेवण मिळते आणि बिलही फुगते.

पर्यटनस्थळी जेवण महाग आणि बेताचे का असते?

वस्तीतले हॉटेल रोजच्या गिऱ्हाइकावर चालते. आमटी पातळ झाली, भाजी शिळी निघाली की आठवडाभरात गल्ल्यावर परिणाम दिसतो. पर्यटक मात्र पुन्हा येणारच नसतो. त्याच्या नाराजीची झळ मालकाला फारशी बसत नाही. शिवाय अशा भागात जागेचे भाडे मोठे असते, त्यामुळे टेबल लवकर रिकामे होणे आणि प्रत्येक टेबलामागे बिल मोठे होणे, दोन्ही गरजेचे ठरते. पंजाबी, चायनीज, पिझ्झा, डोसा आणि पावभाजी एकाच मेन्यूकार्डावर दिसतात ती यामुळेच. कोणालाही परत पाठवायचे नसते. पण एका स्वयंपाकघरात दीडशे पदार्थ ताजे होत नाहीत. एकच तयार ग्रेव्ही अनेक नावांनी ताटात येते. दारात उभे राहून ‘या साहेब, एसी आहे’ असे बोलावणारा माणूस दिसला तर दोन पावले पुढे जाणे बरे.

मग कुलाब्यात चांगले जेवण मिळतच नाही का?

मिळते, आणि स्वस्तातही मिळते. कुलाबा हा निव्वळ पर्यटकांचा भाग नाही. येथे जुने रहिवासी आहेत, कार्यालये आहेत, टॅक्सीवाले आणि दुकानांतले कामगारही आहेत. ज्या हॉटेलात ही मंडळी बसतात, तेथे पर्यटकालाही तेच ताट मिळते. कॉजवेवरची समोरासमोरची दोन नावे पाहिली तर फरक कळतो. १८७१ पासूनचे लिओपोल्ड कॅफे २००३च्या ‘शांताराम’ या कादंबरीमुळे जगभर गेले आणि २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या खुणा त्याने जपल्या. तेथे जाणारे बरेच जण ती जागा पाहायला जातात आणि त्याचे पैसे मोजतात. त्यात गैर काही नाही. रस्त्याच्या पलीकडचे ऑलिम्पिया कॉफी हाऊस मात्र संगमरवरी टेबले, आरसे आणि सकाळचा खिमा-पाव यांवर चालते. तेथे गप्पा मारत बसण्याची सोय कमी, पण पोट भरते आणि खिसा वाचतो.

ताजमहाल हॉटेलच्या मागे टुलक रोडवर १९४६ पासूनचे बडेमियाँ आहे. सीख कबाब आणि बैदा रोटीसाठी तेथे संध्याकाळनंतर गर्दी होते. त्याच रस्त्यावरचे बगदादी साधे आणि कमी खर्चाचे आहे. मोठी रोटी आणि रस्सा यावर ते चालते. शाकाहारी कुटुंबासाठी कैलास पर्बत सोयीचे. कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाने १९५२ मध्ये कुलाब्यात ते सुरू केले. तेथे पूर्ण जेवणापेक्षा पाणीपुरी, रगडा आणि सिंधी पदार्थ मागवावेत.

वेळ आणि वार पाहावा का?

जरूर पाहावा. गेटवेपासून साधारण वीस मिनिटे चालले की हॉर्निमन सर्कलचा परिसर लागतो. फोर्टमधल्या मंगळुरी, इराणी आणि गुजराती खाणावळी कार्यालयातल्या लोकांवर पोसलेल्या आहेत. रोज त्याच टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला कोणी फसवत नाही. मात्र साडेबारा ते दोन या वेळेत जागा मिळणे कठीण. सव्वादोननंतर गेल्यास निवांत बसता येते. बॅलार्ड इस्टेटमधले १९२३चे ब्रिटानिया बेरी पुलावसाठी प्रसिद्ध आहे, पण मुळात ते दुपारच्या जेवणाचे ठिकाण. अडचण अशी की बाहेरगावचे लोक मुंबईत येतात रविवारी, आणि फोर्टमधल्या बऱ्याच खाणावळी त्याच दिवशी बंद असतात. मग सगळी गर्दी कॉजवेवर. शक्य असल्यास हा फेरफटका शनिवारी किंवा कामाच्या दिवशी ठेवावा.

मासे खाणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. खेकडा, लॉबस्टर, पापलेट यांच्यापुढे मेन्यूत किमतीऐवजी ‘साइजप्रमाणे’ असे लिहिलेले असते. ऑर्डर देण्यापूर्वी आकडा विचारावा. विचारण्यात संकोच कसला?

सेवा शुल्क द्यावेच लागते का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांना सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. हॉटेल संघटना त्याविरोधात अपिलात गेल्या आहेत.

रक्कम किती फुगते ते पाहा. हजार रुपयांच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी धरला तर बिल १,०५० रुपये होते. १० टक्के सेवा शुल्क लावले की आधी १,१०० होतात, त्यावर जीएसटी ५५ रुपये, एकूण १,१५५. म्हणजे सेवा शुल्कावरही कर भरावा लागतो. वेटरला खूश होऊन दिलेली टीप वेगळी. ती ग्राहकाची मर्जी.

जीएसटी आणि पाण्याची बाटली?

साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, जीएसटी ५ टक्के. ज्या निवासी हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक आहे, तेथील रेस्तराँमध्ये तो १८ टक्के. वार्षिक उलाढाल दीड कोटींपर्यंत असलेली अनेक छोटी हॉटेले ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. तसे बिलावर छापलेले असेल आणि तरीही कर लावला असेल, तर तो काढायला सांगावा. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो.

बाटलीबंद पाण्याबाबत मात्र ग्राहकाची बाजू कमकुवत आहे. बसून खाण्याच्या ठिकाणी छापील किमतीहून अधिक दर घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली. त्यामुळे बसल्या बसल्या साधे पाणी मागावे, नाहीतर वेटर न विचारता बाटली उघडून ठेवतो.

वाद झाला तर?

आधी व्यवस्थापकाला सेवा शुल्क काढायला सांगावे. बहुतेक ठिकाणी काम तेथेच होते. नकार मिळाल्यास पैसे भरून बिलाचा फोटो ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असणे बंधनकारक आहे. जेवणात दोष आढळल्यास तक्रारीत तो क्रमांक लिहावा.