एकच ट्रेनिंग, मग परिणाम वेगळा का?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आम्हाला भेदभावाबद्दलचं एक ऑनलाइन ट्रेनिंग सक्तीचं होतं. एकीकडे पीसीआर लावलेला, दुसरीकडे 'नेक्स्ट, नेक्स्ट' क्लिक. शेवटच्या चाचणीत दहापैकी दहा! डोक्यात एकच: "मी कुठे भेदभाव करतो?" हा विचारच लोकांच्या अभ्यासाचा विषय आहे, हे मला फार उशिरा कळलं.

2012 साली अमेरिकेत प्रियांका कार, कॅरल ड्वेक आणि क्रिस्टिन पॉकर यांनी साधा प्रश्न घेतला. माणसाच्या मनातला पूर्वग्रह बदलू शकतो, असं तुम्हाला वाटतं का? ज्यांना तो बदलत नाही असं वाटतं, ते या विषयाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. गंमत म्हणजे, हे लोक जास्त पूर्वग्रहदूषित असतात असं नाही. पण पूर्वग्रह कायमचा डाग असेल, तर तो आपल्यात सापडणं म्हणजे आपण कायमचे वाईट ठरणं! मग त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं.

इथे थांबा, कारण हा नुसता सहसंबंध असू शकला असता. पण त्यांनी सहभागींना लेख वाचायला देऊन ही समजूतच बदलून पाहिली. 'पूर्वग्रह बदलत नाही' असं वाचलेले गोरे सहभागी कृष्णवर्णीय व्यक्तीशी बोलताना जास्त अवघडले. म्हणजे कारण-परिणामाचा धागा हाती लागला.

सांगण्याची पद्धतही महत्त्वाची. टोरांटोतल्या लिसा लेगो आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या प्रयोगात 'तुम्ही असं वागलंच पाहिजे' असा सूर असलेल्या पत्रकाने पूर्वग्रह चक्क वाढला. काहीच न करणं परवडलं असतं!

आता 2019 चा मोठा प्रयोग बघा. एडवर्ड चँग आणि सहकाऱ्यांनी एका जागतिक कंपनीतल्या 3,016 कर्मचाऱ्यांवर तो केला. विषय होता नोकरीतल्या स्त्रियांबद्दलचा दृष्टिकोन, आणि कंट्रोल गटालाही दुसऱ्या विषयाचं ट्रेनिंग दिलं होतं. ज्या गटांचा स्त्रियांना पाठिंबा तुलनेने कमी होता, त्यांची मतं बदलली, वागणूक नाही. वागण्यात थोडा बदल दिसला तो आधीपासूनच भक्कम पाठिंबा असलेल्या गटांत. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं.

म्हणून असा अभ्यास आखताना 'पूर्वग्रह बदलतो का?' हा प्रश्न ट्रेनिंगच्या आधी विचारा, शक्यतो काही दिवस आधी. नंतर विचारलात, तर ट्रेनिंगनेच ते उत्तर हलवलेलं असेल. आणि फॉर्मवरच्या दहापैकी दहावर विश्वास ठेवू नका. तो फॉर्म माझ्यासारख्यानेही भरलेला असतो.