खटल्याची चटक

जाँ रासीन ओळखला जातो तो शोकांतिकांसाठी. त्याने आयुष्यात सुखांतिका एकच लिहिली, १६६८ सालची तीन अंकी 'ले प्लेदर'. तिच्यात वकिलांची टवाळी भरपूर आहे, पण खरा मार बसतो तो पक्षकाराला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथली माणसे ती उतरायलाच तयार नाहीत. गाढवाचे एक शिंगरू आपल्या कुरणात लोळले, एवढ्यावरून शिकानो नावाचा पक्षकार दावा लावतो. मग अर्ज, अपिले, कोंबडी दिवसाला किती गवत खाते याचीसुद्धा चौकशी. पंधरा-वीस वर्षांनी निकाल विरुद्ध जातो आणि पाच-सहा हजार फ्रँकांचा भुर्दंड बसतो, तरी गड्याची हौस फिटत नाही. काउंटेस पिंबेशचे नवरा, बाप आणि मुलांविरुद्धचे चार-पाच दावेच काय ते शिल्लक आहेत. अन्नवस्त्र मिळेल पण यापुढे दावा लावायचा नाही, असा हुकूम झाल्यावर तिला जगण्यात राम वाटेनासा होतो. समन्स बजावायला आलेला तोतया बेलिफ तर मारहाण अंगावर ओढवून घेतो आणि प्रत्येक फटका कागदावर टिपतो. फटका म्हणजे नुकसानभरपाई!

यावर कोणी म्हणेल, ही तर ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसची उसनवारी. कुत्र्यावरचा खटला त्याच्या 'गांधीलमाशा'मधलाच, हे खरे. पण तिथला रोख अथेन्सच्या राजकारणावर होता. रासीनचा रोख कोर्टाच्या कामकाजावर आहे. कोंबडा खाल्ल्याचा आरोप असलेल्या कुत्र्याचा वकील विश्वाच्या उत्पत्तीच्याही आधीपासून सुरुवात करतो, न्यायाधीश त्याला निदान जलप्रलयापर्यंत तरी ये म्हणून विनवतो आणि डुलक्या घेतो. एवढे होऊनही आरोप, बचाव, शिक्षा हा क्रम चुकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चौदाव्या लुईने १६६७ मध्येच दिवाणी कामकाज सुधारणारा कायदा केला होता. मग ही थट्टा दरबाराला सोयीचीच नव्हे का? काही अंशी होय. न्यायाधीशाला वेडा ठरवून रासीन न्यायाधीशाची पदे विकणाऱ्या व्यवस्थेला सोडून देतो. नाटककार बोमार्शेने १७८४ साली रंगभूमीवर आणलेला, नमुन्याबरहुकूम कागदापलीकडे काही न दिसणारा न्यायाधीश ब्रिद्वाझाँ अधिक बोचतो. पण कायदा मुदती आखू शकतो, शिकानोची चटक कशी सोडवणार? कोर्टाचा कागद समजून तो सही ठोकतो, आणि तो कागद निघतो मुलीच्या लग्नाचा करार.