परदेशी पाहुण्याची नोंद कोणी करायची?

ऑक्टोबर उजाडला की मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी गावांतून खोल्या भाड्याने जाऊ लागतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यातील ही वर्दळ किनाऱ्यापासून आतल्या गावांपर्यंतही पोचू लागली आहे. आपल्या शाळेतील काही मुलांच्या घरी रशियन, इंग्रज वा इस्रायली पाहुणे महिनोन् महिने राहतात. अशा पाहुण्याची सरकारदरबारी नोंद करायची असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती कोणी करायची, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहे. 'त्याचा पासपोर्ट, त्याचा व्हिसा, तो पाहून घेईल' असे आपण सहज म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही.

परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे ही ज्याने जागा दिली त्याची जबाबदारी आहे. वर्षानुवर्षे हा कागद 'सी फॉर्म' म्हणून ओळखला जातो. तो फक्त मोठ्या हॉटेलांसाठी आहे हा दुसरा गैरसमज. इमिग्रेशन खात्याच्या सूचनांत गेस्ट हाऊस, धर्मशाळा आणि खासगी घर यांचाही उल्लेख आहे. आता फॉर्म कागदावर भरून चौकीत नेऊन द्यावा लागत नाही. घरमालकाने संगणकावर एकदा खाते उघडले की पाहुण्याचा पासपोर्ट व व्हिसा क्रमांक, तो कोठून आला, कधी आला, ही माहिती तेथेच भरता येते. घरातील नववी-दहावीच्या मुलाला हे काम अर्ध्या तासात जमेल. आजोबांना जमत नसेल तर त्याने त्यांच्या शेजारी बसावे.

पाहुण्याची स्वतःची जबाबदारी वेगळी. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर सर्वसाधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत त्याने विदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचे असते. व्हिसावर काय छापले आहे ते आधी वाचावे, कारण अट तेथेच लिहिलेली असते. व्हिसा संपल्यावरही राहिला तर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वी हे विषय १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा विदेशी नागरिक कायदा यांत विभागलेले होते. ते दोन्ही रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायदा लागू झाला. शाळांनी आणि रुग्णालयांनी परदेशी विद्यार्थ्याची वा रुग्णाची माहिती कळवण्याचे बंधनही त्यात आहे. विश्वस्त मंडळींनी याकडे लक्ष द्यावे. परदेशी पालकाचे मूल प्रवेशासाठी आले तर जन्मदाखल्याबरोबर पासपोर्ट व व्हिसाही पाहावा लागेल. नेपाळचे नागरिक त्यांच्या देशातून थेट येत असतील तर त्यांना व्हिसा लागत नाही.

आता 'परदेशी' कोण? गोव्यात हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मुक्तीनंतर २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला. त्यानुसार गोमंतकीय भारतीय नागरिक ठरले. ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते त्यांनी महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते. मोंतेरो नावाच्या पाद्रींनी तसे लिहून दिले. त्यांना राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला, तो १३ नोव्हेंबर १९६४ रोजी संपला. त्यांनी तो वाढवून मागितला नाही आणि ते गोव्यातच राहिले. खटला झाला, ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड. जिनिव्हा करारांचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण मार्च १९६९ मध्ये अपील फेटाळले गेले. गोवा आता व्यापलेला प्रदेश नसून भारताचा भाग आहे, तेव्हा येथे परदेशी नागरिकाला लागू असलेला कायदाच चालेल, असे न्यायालयाने ठरवले. माणूस गावाचा किती जुना, हे कायद्याने पाहिले नाही. (डिचोलीतील मये गावाची जमीन 'कस्टोडियन'कडे गेली तीही मालक पोर्तुगीज नागरिक म्हणून निघून गेल्यामुळेच. तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.)

आजच्या घरांत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. आजोबांचा जन्म मुक्तीपूर्वीचा, म्हणून लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले काका किंवा आतेभाऊ इंग्लंडमध्ये नोकरी करतात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मतदार यादीतील नावही राहत नाही. असे नातेवाईक 'ओसीआय' कार्ड घेऊ शकतात. हे कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. ते असले की आयुष्यभर व्हिसा लागत नाही आणि कितीही दिवस राहिले तरी विदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागत नाही. परंतु मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

कार्ड नसेल तर चतुर्थीला आलेला तो आतेभाऊही व्हिसावर आलेला परदेशी पाहुणाच असतो. त्याची बॅग ओसरीवर ठेवून झाली, चहा झाला, की त्याच्याकडून पासपोर्ट मागून घ्यावा आणि फॉर्म त्याच दिवशी भरून टाकावा.