अंगाच्या मापाची होडी

ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्याची कायाक कागदावरच्या आराखड्यावरून होत नसे. माप शरीराचे. लांबी साधारण ३ वाव. दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होते ती वाव, कोकणातले कोळी पाण्याची खोली मोजतात तीच. रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी, अधिक दोन मुठी. काठाची उंची एक मूठ आणि वर ताणलेला अंगठा. गावागणिक ही मापे थोडी बदलत, पण मोजणारे अंग त्याच माणसाचे असे. म्हणून मला कायाक वाहनापेक्षा अंगरख्याच्या जवळची वाटते.

तिथे लाकडासाठी झाडे नव्हती. सायबेरियातल्या नद्या समुद्रात सोडतात ते ओंडके बर्फात अडकून वर्षानुवर्षे वाहत यायचे आणि किनाऱ्याला लागायचे. मिळेल त्या तुकड्यांतून सांगाडा उभा करायचा. खरी बुद्धी सांध्यांत आहे. काठाच्या दोन लांब पट्ट्यांना खाचा पाडून त्यांत वाकवलेल्या बरगड्या बसवतात. खालच्या कण्याला मात्र त्या नुसत्या दोरीने बांधतात. खिळा मारला तर लाट आदळताच लाकूड त्याच जागी चिरेल. बांधलेला सांधा किंचित सरकतो आणि धक्का साऱ्या सांगाड्यात पसरतो.

वरचे सीलचे कातडे शिवण्याचे काम बायकांचे. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची, आरपार नाही, म्हणजे टाक्यातून पाणी शिरत नाही. गोठत्या समुद्रात नवऱ्याचा जीव त्या टाक्यावर असे. कायाकवरच्या लिखाणात रंधा-पटाशीला जेवढी जागा मिळते, तेवढी या सुईला मिळत नाही, हे मला खटकते.

मी घरी कायाक बांधली ती बांबूच्या बरगड्यांची. ओल्या बांबूच्या चिंबा वाफेवर सहज वळतात. कातड्याऐवजी नायलॉनचे कापड, त्यावर पॉलियुरेथेनचे थर. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही, पण बांबूला मोठा पूर्वज आहे. १८९५ साली ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नान्सेन आणि योहान्सेन यांच्या दोन्ही कायाकांचा सांगाडा बांबूचाच होता, वर शिडाचे कापड. जून १८९६ मध्ये बर्फाच्या कडेला बांधलेल्या त्या कायाक सुटल्या आणि अन्नासकट वाहत चालल्या. नान्सेनने पाण्यात उडी घेऊन पोहत त्या गाठल्या. गारठलेल्या हातापायांनी वर चढणे सर्वांत कठीण गेले.

माझी होडी पाण्यावर उत्तम चालते. उंच भाच्याचे गुडघे मात्र तिच्यात मावत नाहीत. त्याची वाव मोजून झाली आहे. पावसाळ्याआधी बांबू आणायचा आहे.