आभाळात झेप घेण्यापूर्वी



खळ्यावर उफणणीला उभा राहिलेला माणूस आधी वाऱ्याचा अंदाज घेतो. वारा पडला तर थांबतो, वावटळ उठली तरी थांबतो. पॅराग्लायडिंग या खेळाची पहिली पायरीही हीच आहे. पावसाळा सरला की मावळात कामशेतच्या परिसरात आणि पाचगणीच्या डोंगरांवर रंगीत छत्र्या तरंगू लागतात. मग आपली मुले-मुलीही एकदा उडून पाहण्याचा हट्ट धरतात. त्यांना नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. तयारी काय हवी, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच समजून घ्यावे.

ही छत्री म्हणजे कापडाचा पंख. तिला इंजिन नाही, सांगाडा नाही. पुढच्या तोंडातून हवा आत भरते आणि तिला आकार येतो. तिचा नेहमीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. समोरचा वारा त्याहून जोराचा झाला, तर माणूस मागे ढकलला जातो. डोंगराच्या आडोशाच्या बाजूला वारा गरगरतो. तिथे छत्री मिटण्याचा धोका असतो.

शरीराची तयारी

उड्डाण धावत करायचे असते आणि उतरणे पायांवर असते. म्हणून घोटे, गुडघे व कंबर मजबूत हवी. महिनाभर आधीपासून बैठका, थोडे धावणे आणि चढ-उतारावर चालणे ठेवावे. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. सकाळी हलके खावे, पाणी प्यावे. उपाशीपोटी जाऊ नये. दारू प्यायलेल्याने किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेल्याने उडू नये. सर्दीने कान-नाक चोंदले असेल तर बेत पुढे ढकलावा. गरोदर स्त्रियांनी उडू नये. हृदयविकार, फिट्स किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

शिक्षकासोबत उडताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘धाव’ म्हटल्यावर पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावतच राहावे. मध्येच बसले की सारा भार शिक्षकावर पडतो आणि दोघेही कोलमडतात. शिरस्त्राण व घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. मांडीचे पट्टे लावले आहेत का, हे निघण्यापूर्वी स्वतः हात लावून पाहावे. पट्टा लावायचा राहिला तर माणूस बैठकीतून खाली निसटू शकतो.

मनाची तयारी

भीती वाटणे हा दोष नाही. दीर्घ श्वास घ्यावा, शिक्षकाला शंका विचाराव्यात. खरे धैर्य लागते ते ‘आज नको’ म्हणायला. पैसे भरलेले असतात, लांबून आलेले असतो, मित्र पाहत असतात. नेमके अशा वेळी मन वाऱ्याकडे काणाडोळा करते.

ढगाला तर अनुभवाचीही भीड नसते. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात जर्मन संघातील एवा विश्न्येर्स्का हिला गडगडाटी ढगाने ९,९०० मीटरहून अधिक उंचीवर ओढून नेले. गारांच्या माऱ्यात ती बेशुद्ध पडली, तरी वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी उड्डाणपटू मात्र मरण पावला. आपल्याकडेही वळिवाचे ढग चढू लागले की उड्डाणाचा विचार सोडावा.

आपल्या रानात कोणी उतरले तर

छत्री विजेच्या तारेत अडकली असेल तर तिला किंवा माणसाला हात लावू नका. आधी महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. माणूस आपटला असेल तर त्याला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका. पाठीच्या कण्याला इजा असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला हलू देऊ नका. बुजलेली जनावरे दूर बांधा.

मूल उडायला निघाले की त्याला खाऊचा डबा द्याच. पण सोबत एक वाक्यही सांगा. ‘वारा बरोबर नसला तर न उडता परत ये. पैसे वाया गेले असे या घरात कोणी म्हणणार नाही.’ हा भरवसा मिळालेले मूल डोंगरमाथ्यावर बिनदिक्कत ‘नको’ म्हणू शकते.