‘कोर्ट’ कसा उभा राहिला?

सिनेमात यायचंय, पण ओळखी नाहीत? मग चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) कसा झाला ते जाणून घ्याच. पटकथा लिहायला उसंत मिळावी म्हणून विवेक गोम्बर यांनी त्यांना पदरचे पैसे दिले. पुढे निर्माते तेच आणि पडद्यावरचे बचाव पक्षाचे वकीलही तेच! बऱ्याच भूमिकांत नवखी माणसं घेतली. लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार तर चळवळीतले कार्यकर्ते. व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो लिहायला मिळालेला निवांत वेळ. लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) स्क्रीनरायटर्स लॅबचे अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवा. तिथे कॅमेरा नाही, पटकथा लागते.