अंश आणि छेद : सामाजिक रुग्णालयातील उपचारांचे मोजमाप

एखादे रुग्णालय चांगले की वाईट, याचा निवाडा समाज बहुधा दोन गोष्टींवरून करतो: तेथील डॉक्टरांचे नाव आणि तेथे दगावलेल्या माणसांच्या आठवणी. यांपैकी कशालाही मोजमाप म्हणता येत नाही. तरीही छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जेथे जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून थेट बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण उपचारांसाठी येतात, रुग्णाला कोठे न्यायचे हे बहुतेक कुटुंबे याच दोन गोष्टींवरून आणि खिशाचा अंदाज घेऊन ठरवतात. उपचारांची गुणवत्ता मोजण्याचे एक शास्त्र गेल्या दीडशे वर्षांत घडले असून या निर्णयाला पक्का आधार देता येतो, असा त्याचा दावा आहे. दावा खरा आहे, पण अट अशी की कोणताही आकडा सांगताना तो कशाने भागला आहे, म्हणजे अंशाखाली कोणता छेद आहे, हे उघड असले पाहिजे.

ही अट सुटली की काय होते, हे मराठवाड्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिले. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले व त्यांत १२ नवजात बालके होती, ही बातमी देशभर गेली. पाठोपाठ संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त, एका दिवसात १८ मृत्यू झाल्याचे जाहीर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने या घटनांची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि खाटांपेक्षा अधिक रुग्ण हे प्रश्न खोटे नव्हते. मात्र घाटीच्या १८ मृतांपैकी चौघे रुग्णालयात आणण्यापूर्वीच मरण पावले होते, असे प्रशासनाने सांगितले, तेव्हा त्या तपशिलाकडे फारसे कोणी वळले नाही. १८ हा आकडा भीषण आहे की नेहमीचा, हे ठरवण्यासाठी त्या दिवशी किती रुग्ण दाखल होते, कोणत्या अवस्थेत आले होते आणि इतर दिवशी किती मृत्यू होतात, या तीन गोष्टी लागतात. चर्चा झाली ती बहुतांशी त्यांच्याशिवायच.

घाटीच्या बाबतीत दुसरा प्रश्न तर मूलभूतच आहे. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाचे रुग्णालय ११७७ खाटांचे असून मराठवाड्याच्या उपचारव्यवस्थेतील ते शेवटचे ठाणे आहे. खासगी रुग्णालयात पैसे संपतात, कृत्रिम श्वसनयंत्राचे दिवस लांबत जातात, आणि नातेवाइकांना सांगितले जाते की ‘आता घाटीत न्या’. त्यानंतर होणारा मृत्यू एका वहीतून दुसऱ्या वहीत सरकतो. ज्याने रुग्ण पाठवला त्याचा मृत्युदर उतरतो आणि ज्याने नाकारला नाही त्याचा चढतो. केवळ मृत्यूंच्या संख्येवरून रुग्णालयांची प्रतवारी लावली, तर दार उघडे ठेवणाऱ्यालाच शिक्षा होते.

या चुकीला मोठा वारसा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ च्या आपल्या पुस्तकात लंडनमधील २४ रुग्णालयांचा १८६१ सालचा मृत्युदर ९०.८४ टक्के असल्याचे छापले, तेव्हा वैद्यकीय जगतात खळबळ उडाली. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या तक्त्यातून आलेल्या या आकड्यात अंश होता वर्षभरातील ३८२८ मृत्यूंचा, तर छेद होता वर्षातील एका ठरावीक दिवशी खाटांवर असलेल्या ४२१४ रुग्णांचा. वर्षभरात दाखल झालेल्या सर्व रुग्णांनी भागले असते, तर दर कितीतरी खाली आला असता. रुग्णालयांची आकडेवारी एकाच नमुन्यात गोळा व्हावी, असा आग्रह धरणाऱ्या आद्य व्यक्तींपैकी एक असलेल्या नाइटिंगेल यांच्याच नावावर छेदाचा हा प्रमाद नोंदवला गेला आहे.

घाटीसारखे सरकारी महारुग्णालय आणि तारांकित खासगी रुग्णालय यांच्यामध्ये शहरात तिसरा एक वर्ग आहे, तो न्यासांनी चालवलेल्या सामाजिक रुग्णालयांचा, म्हणजे ज्यांना नफा वाटून घ्यायचा नसतो, पण खर्च मात्र रुग्णांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून भागवावा लागतो अशा संस्थांचा. गारखेडा परिसरातील डॉ. हेडगेवार रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तरुण डॉक्टरांच्या एका गटाने स्थापन केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने ते १९८९ मध्ये सुरू केले. पुढे याच प्रतिष्ठानने नाशिकला श्री गुरुजी रुग्णालय उभारले आणि शहरातील वस्त्यांमध्येही आरोग्याचे काम चालवले. अशा रुग्णालयात गुणवत्तेचे मोजमाप अधिक अवघड असते, कारण तेथे स्वस्त दर हीच गुणवत्ता मानण्याचा मोह संस्थेला आणि देणगीदारांनाही पडतो. सेवाभावाचा पुरावा म्हणून रुग्णसंख्या सांगितली जाते. वर्षभरात इतके हजार रुग्ण तपासले, या वाक्यातून काम किती झाले ते कळते, कसे झाले ते कळत नाही.

कसे झाले, हे सांगण्याची आजची चौकट अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडली. त्यांनी गुणवत्तेचे तीन अंगांनी परीक्षण सुचवले: रचना, म्हणजे खाटा, यंत्रे, परिचारिका, प्राणवायूची सोय, प्रक्रिया, म्हणजे जे करायला हवे ते वेळेवर व योग्य रीतीने केले गेले का, आणि फलित, म्हणजे रुग्णाचे शेवटी काय झाले. रचना मोजणे सोपे असते, म्हणून तपासणीला आलेली पथके तीच आधी मोजतात. फलित सर्वांत मोलाचे, पण त्यात रुग्णाचे वय, आजाराची तीव्रता आणि घरून निघायला झालेला उशीर इतका मिसळलेला असतो, की रुग्णालयाचा वाटा वेगळा काढायला गणित लागते. अतिदक्षता विभागात वापरले जाणारे ‘अपाचे-२’ हे १९८५ पासूनचे गुणांकन असेच गणित आहे: रक्तदाब, नाडी, श्वसन, रक्तातील क्षार अशी बारा मापे, वय आणि जुने आजार यांना गुण देऊन मृत्यूची शक्यता काढायची, सर्व रुग्णांच्या शक्यतांची बेरीज करून अपेक्षित मृत्यू काढायचे आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागायचे. समजा, अपेक्षित मृत्यू २० आणि प्रत्यक्ष १८ असतील, तर गुणोत्तर ०.९ येते व विभागाचे काम अपेक्षेहून बरे ठरते. छेदात रुग्णांची संख्या नसून त्यांच्या आजाराचे वजन आहे, ही या पद्धतीची खरी खुबी आहे.

तरीही मध्यम आकाराच्या रुग्णालयाला रोजच्या सुधारणेसाठी मृत्युदरापेक्षा प्रक्रियेचे आणि टाळता येण्याजोग्या संसर्गाचे निर्देशक अधिक उपयोगी पडतात. लघवीची नळी घातलेल्या रुग्णाला त्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. येथे छेद असतो ‘नळी-दिवसां’चा: रोज ठरलेल्या वेळी सिस्टर वॉर्डात फिरून किती रुग्णांना नळी आहे ते मोजते, त्या संख्यांची महिन्याची बेरीज होते आणि संसर्गाचा दर हजार नळी-दिवसांमागे सांगितला जातो. श्वसनयंत्रामुळे होणारा न्यूमोनिया आणि मोठ्या शिरेतील नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग हेही याच रीतीने मोजतात, तर शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग शंभर शस्त्रक्रियांमागे. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या फेरीचा आणखी एक फायदा असा, की नळी मोजणारी सिस्टर ‘ही अजून का आहे?’ हा प्रश्नही विचारू शकते. आणि नळी एक दिवस आधी काढणे हाच त्या संसर्गावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्रपाळीत दोन सिस्टरांवर अख्खा वॉर्ड असताना ही मोजणी अंदाजाने भरली जाते, हेही तितकेच खरे, आणि अंदाजाने भरलेला छेद वरचा अंश कितीही अचूक असला तरी त्याला निरर्थक करतो.

लहान संख्यांची अडचण यापुढची. महिन्याला ३०० नळी-दिवस होत असतील, तर एका संसर्गाने दर ३.३ होतो आणि दोनांनी ६.७, म्हणजे पुढच्या महिन्यात ‘दर दुप्पट झाला’ असे म्हणता येते, जरी प्रत्यक्षात एकाच रुग्णाचा फरक पडलेला असला. अशा वेळी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यांसाठी आखलेला नियंत्रण-आलेख कामी येतो, ज्यात सरासरीच्या वर-खाली मर्यादारेषा आखून साधा चढउतार कोणता आणि खरा बिघाड कोणता हे वेगळे करतात. वाळूजच्या वाहन-कारखान्यांतील गुणवत्ता निरीक्षकाला जे हत्यार ओळखीचे आहे, ते काही किलोमीटरवरच्या रुग्णालयात सभा-अहवालात क्वचितच दिसावे, हे शहराच्या दृष्टीने नवलाचे आहे.

या निर्देशकांना आज दोन व्यवस्थांचे पाठबळ आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतील ‘एनएबीएच’ ही मानांकन संस्था स्वेच्छेने येणाऱ्या रुग्णालयांना तपासते. तिच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीत १० प्रकरणे, १०० मानके आणि ६५१ तपासण्याजोगे घटक होते, तर २०२५ च्या सहाव्या आवृत्तीत हे घटक ६३९ झाले. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत: आठ क्षेत्रे, प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, आणि माहिती मिळवण्याचे चार मार्ग: पाहणी, कर्मचाऱ्यांची मुलाखत, नोंदींची तपासणी व रुग्णाशी बोलणे. स्वच्छतेसाठी २०१५ चे ‘कायाकल्प’ आणि प्रसूतिकक्षासाठी २०१७ चे ‘लक्ष्य’ ही त्यांचीच भावंडे होत. मानांकनाला आर्थिक आमिषही आहे, कारण आयुष्मान भारत योजनेत पूर्ण मानांकित रुग्णालयाला पॅकेजच्या दरावर १५ टक्के आणि प्राथमिक पायरीवरील रुग्णालयाला १० टक्के वाढीव रक्कम ठरवलेली होती. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लागते आणि तपासणीच्या आधीच्या महिन्यात वह्या भरभरून लिहिल्या जातात, ही टीका जुनी आहे व बऱ्याच अंशी रास्तही आहे. तथापि मानांकन येण्याआधी कित्येक ठिकाणी या वह्याच नव्हत्या, हे टीकाकारांनी विसरू नये.

वह्यांचा खरा कस चुकांच्या नोंदीत लागतो. चुकीची मात्रा, खाटेवरून पडणे, सुई टोचणे आणि थोडक्यात टळलेली दुर्घटना यांची नोंद कर्मचाऱ्यांनी स्वतःहून करायची असते, त्यामुळे शून्य चुका नोंदवणारे रुग्णालय सुरक्षित असण्यापेक्षा घाबरलेले असण्याचीच शक्यता जास्त. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी आपल्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी सोडलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका झाल्याचे स्वतःच्या खर्चाने छापून प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. आपल्याकडे नातेवाइकांच्या जमावाने तोडफोड करण्याची भीती आणि ग्राहक न्यायालयाची टांगती तलवार असताना तशी अपेक्षा एकट्या डॉक्टरकडून करणे अन्यायाचे ठरेल. संस्थेने नोंद करणाऱ्याला अभय दिल्याशिवाय ही वही भरत नाही.

उरतो तो सर्वांत मोठा गळका भाग, रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण कागदावर जिवंत असतो. शस्त्रक्रियेची जखम बाराव्या दिवशी चिघळते तेव्हा रुग्ण घनसावंगीच्या किंवा गेवराईच्या एखाद्या गावात असतो आणि टाके जवळच्या दवाखान्यात उघडले जातात. जखमेतील संसर्गावर ३० दिवस लक्ष ठेवावे असा संकेत आहे, तो दूरध्वनीने का होईना पाळला नाही तर रुग्णालयाचा दर आपोआप उत्तम दिसतो. सुट्टी देताना भरून घेतल्या जाणाऱ्या समाधान-पत्रकांचेही तसेच: घरी निघालेला माणूस सिस्टरांसमोर चार चांगले शब्दच लिहितो. वस्त्यांमध्ये आणि गावांमध्ये ज्यांचे कार्यकर्ते आधीपासून फिरतात, त्या सामाजिक रुग्णालयांना ही गळती थांबवण्याची संधी इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे, आणि त्यांच्या गुणवत्तेची कसोटी येथेच लावली पाहिजे.

महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. संसर्गाचा दर, त्याच्या छेदासह, त्याच फलकावर लावण्याचे बंधन त्यात नाही. संभाजीनगरच्या न्यासांनी तो नियमाची वाट न पाहता लावावा.